पहिले तीन फर्मे

१९८४ साली घाटकोपरच्या पंतनगरात गुणाजीला ओळखत नाही असं घर नव्हतं. संपात गिरणी गेली, तेव्हा या पठ्ठ्यानं खांद्याला झोळी लावली आणि विद्याधरच्या लायब्ररीची पुस्तकं घरोघर पोचवायला लागला. नवं पुस्तक द्यायचं, जुनं घ्यायचं आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. हे तोंडाकडे बघणं कशासाठी, ते त्याची बायको चंपा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. झोळीतली 'टाकीखालचं घर' ही भुताची कादंबरी 'चंद्रप्रकाश' या नावानं त्यानंच लिहिली होती!

गिरगावातल्या एका प्रकाशकानं ती छापलीसुद्धा. आता एका माणसानं तरी ती शेवटपर्यंत वाचावी, एवढ्यासाठीच त्याचा जीव टांगलेला. पण छे! कादंबरीत मुलुंडच्या नव्या इमारतीत, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत नवरा-बायको राहतात. बायको स्टोव्ह पेटवते, बांगडे साफ करते, गॅलरीत केस वाळवते. नवरा बघत बसतो. अठ्ठेचाळीस पानं हेच! एकोणपन्नासाव्या पानावर बायको मेलेली असते, नवरा नळ सोडतो आणि पाण्याऐवजी नळातून लांबच लांब केस यायला लागतात. पण तिथवर पोचतोय कोण?

वाचणारी मंडळी पुस्तकातच पेन्सिलीनं शेरे मारायची. पान नऊ: 'भूत रजेवर आहे काय?' पान बारा: 'बांगडे झाले, आता सुरमई?' आणि पान वीसवर, निवृत्त मुख्याध्यापिका जानकीबाईंच्या टपोऱ्या अक्षरात, 'झोप उत्तम लागली.'

"कोण रे हा चंद्रप्रकाश?" जानकीबाईंनी दारातच विचारलं. "भेटला तर सांग, मेल्या, आधी भुताला बोलाव!"

"सांगतो ना, बाई," गुणाजी म्हणाला. जिना उतरताना बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

विद्याधरनं तर निकालच लावला. "वाट लागलीय या पुस्तकाची. शिवणही सुटली. वहिनींकडून बांधून आण. दिवाळीपर्यंत फिरलं तर ठीक, नाहीतर रद्दीत."

लायब्ररीची सुटलेली पुस्तकं चंपाच घरी शिवायची. सोळा-सोळा पानांचे फर्मे जुळवायचे, दोरा घालायचा, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. नवऱ्याचं पुस्तक हातात घेऊन ती म्हणाली, "सुरुवातीचं कापा म्हटलं होतं मी."

"एक ओळ कापणार नाही!" गुणाजी कडाडला.

"बरं," चंपा म्हणाली. इतक्या पटकन 'बरं' म्हणाली, तिथंच खरं तर गड्याला संशय यायला हवा होता.

आठवड्याभरात काय चमत्कार! बँकेतला दशरथ गेटपाशीच आडवा आला. "गुणाजी, काय पुस्तक आहे यार, झकास! पहिल्याच पानावर नळातून केस! दोन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळ करतोय मी."

"पहिल्याच पानावर?" गुणाजीनं पुस्तक हिसकून उघडलं. सुरुवातच पान एकोणपन्नासनं! तीन फर्मे गायब! आणि शेवटच्या पानावर दशरथच्या अक्षरात, 'संपूर्ण वाचली. दोनदा.' चिडावं की हसावं ते त्याला कळेना, म्हणून तो जिन्यात जाऊन नुसताच नाचला. वरच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून बघितलं आणि घाबरून परत लावून घेतलं.

मग काय, पुस्तकासाठी नंबर लागले. विद्याधर रद्दीचं नाव काढेना. शेवटी जानकीबाईंनीही ते वाचलं आणि गुणाजीला दारात धरलं. "अरे, नवरा ते केस छातीशी धरून रडतो. एवढी काय होती ती बाई? मी विसाव्या पानावरच झोपले होते, आणि आता ती सुरुवातच गळलीय यातली. कुठूनही पैदा कर, मला वाचायचीय!"

बास! गुणाजी उड्या मारत असल्फा वस्तीतल्या आपल्या घरी पोचला. "चंपा, माझे तीन फर्मे कुठायत? जानकीबाई मागतायत गं, स्वतःहून मागतायत!"

चंपानं ट्रंकेतून एक बारकंसं पुस्तक काढलं. वेगळं शिवलेलं, वर तिच्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा चिकटवलेला.

"मागू देत. मिळायचं नाही," ती म्हणाली. "भूत काय ते लोकांना वाटा. ही मी आहे. आणि काय ओ, अठ्ठेचाळीस पानांत मारून टाकलंत मला?"

गुणाजीनं पुस्तक उघडलं. जुन्या शेऱ्यांच्या जोडीला समासात चंपाची पेन्सिल! पान चार: 'खोटं. स्टोव्ह एका काडीत पेटला होता.' पान अकरा: 'बांगडे नव्हते, पेडवे होते.' पान तीसवर, केस वाळवण्यापाशी, 'हे बघत होतात?' आणि अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी, वेडंवाकडं: 'लग्नाला सोळा वर्षं झाली. यातलं एक तरी तोंडानं बोलायचं होतंत.'

चंपा मुद्दाम दोऱ्याला मेण लावत बसली होती, पण कान इकडेच.

"पेडवेच होते," तो कसाबसा म्हणाला. "आणि स्टोव्ह एका काडीत पेटला होता."

"मग?" चंपा म्हणाली.

गुणाजीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, तिच्यासमोर मांडी घातली आणि पहिल्या पानापासून तोंडानं सांगायला लागला.