बारावी तबकडी

जगात रिमिक्सचा शोध कुणीही लावलेला असो, त्याचा अभिमान बाळगण्याचे सर्व हक्क माझ्या मामेसासऱ्यांच्या स्वाधीन आहेत. मामा पंचाहत्तरीचे आहेत, मामींबरोबर कोथरूडला राहतात, आणि त्यांच्या दोन खोल्यांत तबकड्या, कॅसेटी, टेपची भेंडोळी आणि गाण्यांच्या जुन्या जाहिराती इतक्या दाटीनं नांदतात, की पाहुण्याला बसायला सांगण्याआधी मामी एखादा गायक उचलून बाजूला ठेवतात. मी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा सगळ्यांनी मला नोकरी विचारली, मामांनी विचारलं, "मूळ गाणं आवडतं की रिमिक्स?" मी सुसंस्कृत दिसावं म्हणून म्हटलं, "मूळच." पोह्यांची बशी तशीच खाली ठेवून मामा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा फोडणीचा भात खात नाही. विचार करा." माझं लग्न कसंबसं वाचलं.

रिमिक्सचा इतिहास मामा कुणालाही, कुठेही सांगतात. कुठल्याशा बेटावर गाणाऱ्याचा आवाज पुसून नुसता ताल ठेवलेल्या तबकड्या कशा निघाल्या, अमेरिकेत दोन तबकड्या शेजारी शेजारी फिरवून पोरांनी गल्लीला कसं नाचवलं, टेपची फीत ब्लेडनं कापून चिकटवणारे कारागीर कसे होते. एका वरातीत तर त्यांनी डीजेला खाली उतरवून हे सगळं ऐकवलं आणि तेवढा वेळ नवरदेव घोड्यावर ताटकळला. शेवटी मामा नेहमीच्या जागी आले : "पण त्याच्या कितीतरी आधी आमच्या आळीतलं भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर विठ्ठल बसवत होतं, त्याची नोंद कुणी घेतली?" घोड्यानं मान हलवली. मामांना तेवढं पुरलं.

ते स्वतःही रिमिक्स करतात. एका उन्हाळ्यात मामांच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी, "खडकवासल्यात पाणी कमी आहे, सभासदांनी गाड्या धुऊ नयेत," असं सभेत करड्या आवाजात सांगितलं. गणपतीत, मामांनी गुपचूप टेप केलेलं तेच वाक्य ताशाच्या तालावर स्पीकरमधून आलं : "धुऊ नयेत, धुऊ धुऊ नयेत!" लहान मुलं नाचली, मग त्यांच्या आया नाचल्या. अध्यक्षांनी राजीनाम्याची धमकी दिली. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र त्यांचा उजवा पाय हलत होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मामांचा जीव होता एका जुन्या भावगीतात. त्याच्या अकरा तऱ्हा त्यांच्याकडे होत्या : मूळ, बँडवाल्यांचं, गिटारवरचं, शाळकरी मुलींच्या समूहाचं, डिस्कोतलं, आणखी कुठकुठलं. बारावी तेवढी नव्हती. हेच गाणं त्याच गायिकेनं आधी संथ चालीत गायलं होतं आणि त्या तबकड्या थोड्याच निघाल्या होत्या. तीस वर्षं मामा तिच्या मागे होते. गेल्या वर्षी एका रविवारी जुन्या बाजारात, मिक्सरच्या भांड्यांच्या ढिगाखाली, ती सापडली. एरवी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या मामांनी दुकानदाराला हात जोडले.

घरी आल्यावर मामींनी तबकडीचं पाकीट उलटून पाहिलं. मागे शाईनं लिहिलं होतं : 'चि. कुमुदला, गाण्यात पहिली आल्याबद्दल. अण्णा.' खाली शाळेचं नाव होतं.

"अहो, ही कुणाची तरी आहे," मामी म्हणाल्या.

"बाजारात आली, म्हणजे आता माझी."

पण त्यांनी ती लावली नाही. दोन दिवस नुसती समोर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, "जावईबापू, गाडी काढा."

शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींकडून पत्ते मिळवत आम्ही चार कुमुद पालथ्या घातल्या. एकीनं चहा पाजून गाणं म्हणून दाखवलं. ती पहिली येणं शक्यच नव्हतं. एकीच्या यजमानांनी दारातच विचारलं, "आपलं काम हिच्याकडे का?" पाचव्या कुमुदताई बिबवेवाडीला निघाल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहणाऱ्या. पाकिटावरचं वडिलांचं अक्षर पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचलं.

"घर बदलताना रद्दीत गेली हो. तीन दिवस रद्दीवाल्यांकडे हिंडले होते मी."

त्यांच्याकडे प्लेअर नव्हता. मामांनी आपला पिशवीतून आणलाच होता. गाणं सुरू झालं. मामा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. मामा झटकन उठले, तसा कुमुदताईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या थोडा वेळ. इथे अण्णा उठायचे सुई सरकवायला."

तो शब्द कितीतरी वेळ फिरत राहिला. मग त्याच उठल्या, हलक्या हातानं सुई पुढे ठेवली आणि गाणं पुरं झालं. मामांनी तबकडी मागितली नाही. फोनवर उतरवूनही घेतली नाही. निघताना प्लेअरही तिथेच राहिला. मी आठवण करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

 कोथरूडला घरी गेल्यावर मामांनी संग्रहाची वही उघडली आणि अकरा ओळींखाली लिहिलं : 'बारावी, बिबवेवाडीला असते. सुखरूप आहे.'