मामीची बोट आणि दोन जातींचं पेट्रोल

विज्ञानाचे प्रयोग सासूच्या सामानावर करू नयेत, एवढं एकच शास्त्र मी कुवेतमध्ये शिकलो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी शहराबाहेर, मीना अब्दुल्ला नावाच्या भागात एका कंत्राटदाराचा ट्रक चालवायचो. मामू आणि मामी (म्हणजे माझे सासू-सासरे, मामाची मुलगी केली की एका माणसात दोन नाती भागतात) आमच्याकडे राहायला आले होते. महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा मामूंनी कोल्हापूरची बस स्पिरिट मिसळलेल्या पेट्रोलवर हाकली होती.

"बस आंबा घाट हसत चढायची," ते म्हणाले.

"वजन ओढायला साधं पेट्रोलच बरं," मी म्हणालो.

झालं! खरं काय ते कळल्याशिवाय मला जेवण जाईना.

तेवढ्यात मामीची मुंबईची बोट ठरली. रत्नागिरीला धाकट्या मुलीचा निकाह होता. ही बोट चुकली की निकाह चुकला. नवरीच्या कपड्यांच्या ट्रंका ट्रकमागच्या ट्रेलरवर चढल्या. मला ओढायला आयतं वजन मिळालं. अर्धी वाट साध्या पेट्रोलवर, अर्धी मिश्रणावर, असं मी आणि मामूंनी ठरवलं. स्पिरिट म्हणजे दारूच, असं मामीचं मत. म्हणून तिला "दोन जातींचं पेट्रोल" एवढंच सांगितलं. आदल्या दिवशी सुताराकडून स्पिरिट आणि स्पिरिटचाच एक रिकामा डबा आणला, पहाटे त्यातच मिश्रण केलं आणि निघालो.

साध्या पेट्रोलवर ट्रक गुमान चालला. ते संपल्यावर मी डबा टाकीत ओतला. मैलभर गेलो असू, ट्रकने दोन आचके दिले आणि भर वाळवंटात बसला.

मामूंनी डब्यातला उरलेला घोट काचेच्या बाटलीत घेतला. वर पेट्रोल, खाली भलताच थर.

"यात पानी कुठनं आलं?" मामूंनी विचारलं.

"मी राती डबा धुतला," मामी शांतपणे म्हणाली. "दारूचा वास मारत होता. नवरीच्या कपड्यांजवळ ठेवनार, म्हनून तीन पान्यांनी पाक केला. थोडं ऱ्हायलं असंल आत."

साध्या पेट्रोलात पाणी गुपचूप तळाशी बसतं. स्पिरिट मात्र पाणी दिसताच पेट्रोलला सोडून त्याच्या गळ्यात पडतं! हे ज्ञान मला तिथे उन्हात झालं. मामी पदराने डोळे पुसत होती, आणि मला खरोखर स्वतःची लाज वाटली.

शेवटी पाण्याचा एक टँकर थांबला. ड्रायव्हर नेमका दापोलीचा. त्याने दोर बांधला. टँकर पुढे, माझा ट्रक मधे, ट्रंका मागे. तशातही मी विचारलंच, "भाई, गाडीत काय घालता?"

"पेट्रोल," तो म्हणाला. "तुमी काय घालता?"

मी जाऊन स्टिअरिंगवर बसलो. खलाशी बोटीची शिडी काढतच होते, तेवढ्यात मामूंना पुढे घालून मामी वर चढली.

महिन्याने तिचं पत्र आलं. "निकाह चांगला झाला. मला बंदरावर पोचवायला जावयाने दोन ट्रक लावले, असं मी सगळ्यांना सांगितलं. आता नवा जावई विचारतोय, एवढंसं सामान आणि दोन ट्रक कशाला? त्याला काय सांगू, ते उलट टपालाने कळव."