मरम्मतीच्या जहाजावरचे भुजंग भावजी

"त्या हापशाला हात लावाल तर पोरीचं लगीन मोडंल," सरजाबाई म्हणाल्या.

"मोडलाय तो हापसा. लगीन अजून शाबूत हाय," भुजंग भावजी म्हणाले.

सरजाबाई माझ्या जाऊबाई, भावजींची बायको. दोन घरांत भिंत एकच, म्हणून ऐकू आलं. कान लावला नव्हता. थोडा लावला असंल. साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं पेटलं होतं, आणि आमच्या गावात कुणी बौद्धवाड्यातल्या हापशाचा दांडा तोडून टाकला होता. तिथल्या बाया पाण्याला पार नदीवर जायच्या.

"कुणी तोडला ठावं हाय ना? तुमच्याच भावकीनं."

"मी कुठं विचारलं कुणी तोडला?" असं म्हणून भावजी हत्याराची पिशवी घेऊन गेले.

ही खोड जहाजावरची. निजामाच्या राज्यातून ते मुंबईला पळाले, खरादीचं, म्हणजे लेथवरचं काम शिकले आणि मोठ्या लढाईत आरमारात लागले. त्यांचं जहाज लढायचं नाही. लंकेकडच्या एका बंदरात नांगर टाकून उभं, आणि पोटात कारखान्यांची अख्खी आळी. पाणबुड्या गडी खाली उतरून तुटलेल्याचं माप आणायचा, सुतार त्या मापाचा लाकडी साचा करायचा, ओतारी तसाच तुकडा पितळेत ओतायचा, आणि भावजी तो खरादावर तासून बसता करायचे. लोहार, तांबट वेगळेच. फुटकी जहाजं बाजूला येऊन लागायची, नीट झाली की निघून जायची. पुढं तरली का बुडाली, कुणी कळवत नसे.

"वैनी, तिथं कायदा एकच," भावजी सांगायचे. "कसं फुटलं, आत किती मेले, विचारायचं न्हाई. काय तुटलं तेवढं बघायचं. विचारत बसलं की हात चालत न्हाई."

हापसा चालू झाला. लगीन मोडलं. ठरलेल्या पाहुण्यांनी निरोप धाडला आणि मोकळे झाले. त्या पोरीला, हेमाला, पुढं मानवतला बिजवराला दिली, पहिलीची दोन लेकरं सांभाळायला. ती माहेरी यायची बंद झाली. मग दर महिन्याला भावजीच एस्टीनं जायचे. लेक ओट्यावर मोडकं सामान काढून ठेवायची. कधी कुलूप, कधी कंदील. "झालं का?" "झालं." बापलेकीचं बोलणं एवढंच.

एकदा मी गेले तर हेमा म्हणाली, "काकू, स्टोला काय झालं ते बाबांना बघताच कळतंय. मलाबी त्यांनी एकदा विचारायला पायजे व्हतं, कशी हायस म्हणून."

मी येऊन भावजींना सांगितलं. ते पिशवीतली हत्यारं पुसत बसले. मग म्हणाले, "विचारलं आन तिनं सांगितलं, तर त्याला कोणतं हत्यार लावू, वैनी?"

नव्वदच्या उन्हाळ्यात मीही त्यांच्यासंगं गेले. ती त्यांची शेवटची खेप. पुढच्या महिन्यात ते नव्हते. धाप लागायची, पण पिशवी माझ्याकडं देईनात.

"आज विचारा," मी एस्टीत म्हणाले.

"बघू."

हेमानं स्टो आणून ठेवला. भावजींनी पिन मारली, वायसराला तेल लावलं, पंप मारून पेटवला. जाळ निळा आला. हेमा चौकटीला टेकून उभी होती. मी मुद्दाम पाणी प्यायला आत गेले आणि रिकामा तांब्या धरून बसले. बाहेर नुसता स्टोचा आवाज. मग तोही थांबला.

"झालं का?"

"झालं."

चहा झाला. भावजींनी फडक्याला हात पुसले, हत्यारं मोजून पिशवीत घातली.

"चला वैनी, गाडी चुकंल," म्हणाले आणि पुढं चालू लागले.