काळ्या कुत्र्याचं पथ्य

थोरल्या दिरांना मी अजून माफ केलेलं नाही आणि पुढंही करायचा विचार नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. ज्यांना सोडायचं त्यांनी खुशाल सोडावं. अंगणातली रक्ताची शी राखेनं झाकून मी उचलत होते, त्यांनी नव्हे. ती कुणामुळं पडत होती हे कळल्यावर मी काय केलं, ते सांगते.

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. पुढं रस्त्याला किराणा दुकान, मागं घर, घराचे दोन भाग. एकात आम्ही, दुसऱ्यात थोरले दीर आणि जाऊबाई. परस दोघांत एकच, गोठाही सामाईक. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा येत नाही. दीर समाजात मोठे. मठाच्या कामात पुढं, कुणाच्या पंगतीला कोण कुठं बसणार हे ठरवणारे. माझ्याशी ते थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणायचे, "तिला सांग." लग्न होऊन या घरात आल्यापासून मला जे काही सांगितलं गेलं ते असंच, फिरून आलेलं.

कुत्रा माझा. दुकानातल्या पोत्यांवर लोळून वाढलेला, नाकापासून शेपटीपर्यंत काळाभोर, शोधून एक पांढरा केस सापडायचा नाही. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्या नावानं थोरल्या दिरांना लाडीगोडीनं हाक मारताना मी ऐकलं आणि तेव्हापासून ते नाव मला उष्टं वाटतं. एरवी त्यांना कुत्र्याचा विटाळ. पायाशी आला की लाथ ठरलेली.

तो आजारी पडला तेव्हा आधी मला काही कळलं नाही. कुंथून कुंथून थोडी थोडी शी करायचा, शेंबडासारखी चिकट, वर रक्ताचे धागे. गावात प्रत्येकाकडं औषध होतं. कुणी म्हणालं ताक पाजा, कुणी डाळिंबाची साल उगाळायला सांगितली. मी आपली इकडं सगळे घालतात तेच घालत होते, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. त्यानं तो आणखी खंगला. शेवटी त्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि टमटमनं माजलगाव गाठलं. वाटेत शेजारच्या बाया नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, शी तपासली. म्हणाले, कोलायटिस, मोठ्या आतड्याला सूज आली आहे. "इंजेक्शन देतो, पण सगळं खाण्यावर आहे. दूध बंद, भाकरी बंद, तेल-तिखट-मीठ नावालाही नको. मऊ भात आणि नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी, हाडं आणि कातडी काढून. चमचाभर उकडलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा. थोडं थोडं, सारखं बदलायचं नाही."

"साहेब, आमी वाणी," मी म्हणाले.

"कुत्रा वाणी आहे का?"

तरी मी कोंबडी टाळण्यासाठी जेवढं करता येईल तेवढं केलं. मुगाचं वरण आणि भात दिला, तर त्याचं पोट असं गुरगुरायला लागलं की गिऱ्हाईकं वळून बघायची. दहीभात दिला, दुसऱ्या दिवशी परत रक्त. पिशवीतलं तयार खाद्य मागवलं, ते त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवून बसला. बरगड्या मोजता येतील इतका वाळला. पोत्यावर चढता येईना म्हणून खालीच फरशीवर पडून राहायला लागला. तेव्हा मी ठरवलं, जीव आधी, बाकी नंतर.

सिरसाळ्याच्या बाजारात तोंडावर पदर ओढून मी कोंबडीच्या दुकानापुढं उभी राहिले. "कुत्र्यासाठी पाहिजे," मी म्हणाले. दुकानदार हसला. "वाणी, बामण समदे कुत्र्यासाठीच नेतेत, बाई," तो म्हणाला आणि तोलायला लागला. परसात कडुनिंबाखाली तीन दगड मांडले, वेगळं पातेलं ठेवलं. पहिल्यांदा वाफ नाकात गेली तेव्हा मी नाकाला पदर बांधला. नंतर सवय झाली. शिजली की बाजूला निवायला ठेवायची, वर आलेली चरबी काढून टाकायची, बोटांनी बारीक कुस्करून भातात कालवायची. हळूहळू शी बांधून यायला लागली. कुत्र्याची घट्ट शी बघून एवढा आनंद होतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दिरांनी पातेलं बघितलं. "तिला सांग, हे घर हाय का खाटीकखाना," ते परसातून ओरडले. नवऱ्यानं मान खाली घातली, तो त्याचा जन्माचा स्वभाव. दीर तेवढ्यावर थांबले नाहीत, मठापर्यंत गोष्ट नेली.

श्रावणातल्या महाप्रसादाला आम्ही बायका ओळीनं बसून पोळ्या लाटतो. कणीक मळायचं काम वर्षानुवर्षं माझं. माझी कणीक मऊ पडते, हे सगळ्या जणी म्हणायच्या. त्या वर्षी मी हात धुऊन परातीपुढं बसायला गेले, तर एकीनं परात स्वतःकडं ओढली. "तुमी बसा बाई, आमी करतो." कुणी कारण सांगितलं नाही. मी खांबाजवळ बसून राहिले. समोर माझ्याशिवाय पोळ्या लाटल्या जात होत्या, पलीकडं पुरुषांच्या पंगतीत दीर वाढत होते आणि माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. मला रडू आलं नाही. माझ्या अंगाची आग आग झाली, आणि तिथंच मी मनात म्हणाले की हे मी यांना फेडायला लावीन.

कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं. त्यात कुत्र्याचं गाडं परत परत अडत होतं. आठवडाभर बरा असायचा आणि रविवारी पुन्हा रक्त. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "घरातलं कुणीतरी तेलकट घालतंय," ते म्हणाले. मी शपथ घेऊन सांगितलं की माझ्या हातून काही जात नाही. परत येताना टमटममध्ये त्याचं तोंड माझ्या हातावर होतं, आणि त्याच्या मिशांना तेलाचा वास येत होता.

रविवारी रक्त, म्हणजे शनिवारीच काहीतरी पोटात जातंय, म्हणून पुढच्या शनिवारी पहाटे मी जागीच होते. कुत्रा उठला, शेपटी हलवत गोठ्याकडं निघाला. मी मागं गेले. गोठ्यामागं थोरले दीर उकिडवे बसले होते. अंघोळ झालेली, कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात तेलानं निथळणाऱ्या दोन पोळ्या आणि गुळाचा खडा. त्याला नावानं हाक मारून मारून भरवत होते. खाऊन झाल्यावर त्यांनी त्याला हात जोडले.

मला सगळं कळायला वेळ लागला नाही. त्यांना साडेसाती चालू होती, त्यापायी परळीला एका महाराजांकडं खेपा घालायचे. त्या महाराजांनीच सांगितलं असणार, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घाला, एकही पांढरा केस नसलेल्या. तसा अख्ख्या गावात माझाच. गळ्यात साक्षात महादेव बांधून हा माणूस शनीला भीत होता, आणि त्या भीतीपायी माझ्या कुत्र्याची आतडी सोलत होता. वर गावभर माझ्याच नावानं बोंब मारत होता. मी ओरडले नाही, नवऱ्याला सांगितलंही नाही. त्यानं लगेच मिटवामिटवी केली असती, आणि मला मिटवायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी कुत्र्याला दुकानाच्या आतल्या खोलीत साखरेच्या पोत्यांमध्ये कोंडला. मग आधी मागच्या खिडकीतून आणि नंतर दुकानाच्या दारातून मजा बघितली. दीर उपरण्याखाली पोळ्या लपवून परसात फिरले, गोठ्यामागं गेले, मग वेशीपर्यंत जाऊन आले. समोरच्या देवळाजवळ एक काळा कुत्रा होता, पण त्याचा पुढचा पाय पांढरा. समाजातला एवढा मोठा माणूस वाकून कुत्र्याचे पाय तपासत होता. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

उन्हं चढल्यावर ते दुकानात आले. "तिला विचार, कुत्रं कुठं हाय," ते नवऱ्याला म्हणाले.

मी तराजू बाजूला सारून पुढं आले. डोक्यावरचा पदर घसरला, तो ओढला नाही. "कावून पाहिजे कुत्रं, दादा?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना थेट बोलले ते पहिलंच वाक्य. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा गिऱ्हाईक नसताना तूरडाळ मापायला लागला.

"मी पाहिलंय दादा, गोठ्यामागं," मी म्हणाले. "तुमच्या तेलाच्या पोळीनं त्याला रक्त पडतंय. डॉक्टरला विचारा पाहिजे तर. काळ्या कुत्र्याचं रक्त तुमच्या हातानं सांडतंय. शनी ते कुणाच्या माथी मारील, तेवढं परळीला जाऊन विचारून या."

त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्याच दिवशी ते परळीला गेले. महाराजांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. आणि ते माझ्याकडं बघून बोलले.

"पोळी नसली तरी चालतं म्हणे. माझ्या हातानं पोटभर खाल्लं पाहिजे. काय खातं ते?"

"उकडलेली कोंबडी. तुमी आणायची, तुमी शिजवायची, तुमच्या हातानं घालायची."

"बाई, माझ्या गळ्यात लिंग हाय."

"माझ्या गळ्यात काय हाय, दादा?"

त्यांनी उपरणं गळ्याभोवती ओढून घेतलं. मग म्हणाले, "कुणाला सांगू नगंस." मी हो म्हणाले. सांगण्यापेक्षा न सांगण्यात जास्त गंमत होती.

बाजाराच्या दिवशी मी कोंबडीच्या दुकानासमोर डांगर निवडत बसले. दीर आले, उपरणं तोंडावर ओढून. "कुत्र्यासाठी," ते पुटपुटले. दुकानदार काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण तो हसलेला दिसला. दिरांचे कान लाल झाले. मी एका डांगराला तीनदा वाजवून बघितलं, उठायची घाई नव्हती.

मग परसात तेच तीन दगड. ते नाकाला उपरणं बांधून बसले, मी लांबून सांगत राहिले. मीठ नको. वरची चरबी काढा. ढवळा, खाली लागंल. आता हातानं कुस्करा, चमच्यानं न्हाई, हाड राहिलं तर घशात अडकंल. जाऊबाई दारात आल्या, बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या रडल्या की हसल्या हे मला अजून माहीत नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला वाटीभर लोणचं पाठवलं.

कुत्रा सुधारला. पाठीवर मांस आलं, पोत्यावर परत चढायला लागला. पुढच्या श्रावणात मठातून निरोप आला की कणीक मळायला मीच यावं, दिरांनी स्वतः सांगितलंय. मी उलट निरोप धाडला, माझ्या हाताला कोंबडीचा वास येतो, तुमी करा. त्या वर्षी पोळ्या वातड झाल्या, असं ऐकलं.

परवा दीर दुकानात आले. नवरा गल्ल्यावर होता, पण ते सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले. म्हातारे दिसायला लागलेत. म्हणाले, "बाई, महाराज म्हणले साडेसाती सुटली. शनीनं सोडलं. आता ती कोंबडी..."

कुत्रा माझ्या पायाशी झोपला होता. त्याला त्या माणसाचा राग नाही, त्यांचा आवाज ऐकून त्यानं झोपेतच शेपूट आपटलं. तो त्याचा प्रश्न. मी गुळाची ढेप फोडत होते, ती पुरती फोडून घेतली.

"शनीनं सोडलं असंल, दादा," मी म्हणाले. "मी न्हाई सोडलं. उद्या बाजार हाय. कातडी काढून आणा."