पत्त्यावर पोहोचलं म्हणे

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं ऑनलाइन कामांचं ऑफिस आहे. कॉलेजचे प्रवेश, दाखले, हॉल तिकिटं, पासपोर्ट. लोकांना स्वतः जमत नाही किंवा करायची भीती वाटते ते सगळं आम्ही करून देतो. सुरू केलं माझ्या नवऱ्यानं. त्याची नोकरी बाहेरगावी गेल्यावर मी चालवायला घेतलं, आणि माझे दीर भागीदार म्हणून येऊन बसले. ‘बसले’ हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

आमच्याकडे पहिल्यापासून एक पद्धत होती. काम झालं की स्क्रीन पावण्याकडं, म्हणजे गिऱ्हाइकाकडं, फिरवायची. त्यासाठी फिरता स्टँडच घेतला होता. समोरच्यानं आपलं नाव वाचायचं, त्याच्याखाली काय लिहिलंय ते वाचायचं, आणि ‘बरोबर हाय’ म्हणायचं. तोपर्यंत पान बंद करायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही ते बरोबर कुणाला तरी घेऊन येत, आणि नावावर बोट ठेवूनच उठत. स्क्रीनची काच कायम डागाळलेली असायची. भावजींना त्या डागांचा फार त्रास व्हायचा.

“वहिनी, जग कुठं चाललंय आणि आपण बोटं ठेवून घेतोय,” असं ते म्हणत. जग कुठं चाललंय ते त्यांना पुण्यातल्या कुठल्याशा शिबिरात कळलं होतं. तिथून ते एक टूल शिकून आले. ब्राउझर आपोआप चालवणारं. त्याला सांगायचं, अमुक पत्त्यावर जा, तमुक रकान्यात हे भर, ते बटण दाब. मग माउसला हात न लावता बाण स्क्रीनवर फिरायला लागतो, पानं उघडतात, मिटतात, आणि शेवटी एका चौकटीत हिरवी खूण येते. भावजी त्या खुणेकडं ज्या मायेनं बघत, त्या मायेनं त्यांनी स्वतःच्या पोरांकडं कधी बघितलेलं मला आठवत नाही.

टूलच्या उद्घाटनाला त्यांनी नारळ फोडला. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि आजूबाजूचे दुकानदार बोलावले. बाण फिरला, पान उघडलं, आणि टूल अडकलं. त्या दिवशी त्या वेबसाइटनं बटणाची जागा बदलली होती. टूल जागच्या जागी थांबलं आणि लाल अक्षरांत सांगायला लागलं, बटण सापडत नाही. माझ्या मते त्या यंत्रानं आयुष्यात केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम. पण शेजारचा टायरवाला म्हणाला, “अडकलं की गा तुझं,” आणि सगळे हसले.

कोल्हापुरात माणूस नुकसान सोसेल, हसू सोसणार नाही. भावजी दोन दिवस तोंड पाडून बसले. मग त्यांनी टूलला नवीन आज्ञा दिली: बटण सापडलं नाही तर थांबू नकोस, पुढच्या पत्त्यावर जा. पान उघडलं की हिरवी खूण कर, आणि लोकांना मेसेज पाठव, ‘आपले काम झाले. धन्यवाद.’ पुन्हा सगळ्यांना बोलावलं. आता ते कुठंच अडकलं नाही. टायरवाल्यानं मान डोलावली. एका टायरवाल्याची मान डोलावी म्हणून माझ्या दिरानं यंत्राला खोटं बोलायला शिकवलं.

मी त्यांना सरळ विचारलं, “भावजी, पान उघडलं म्हणजे काम झालं, हे कुणी सांगितलं?”

“पत्त्यावर पोचलं म्हंजे झालंच की, वहिनी. टूल काय वाटेत चहा प्यायला थांबतंय?” असं म्हणून ते स्वतः चहा प्यायला गेले.

त्या वर्षी चंदगडकडची एक बाई आमच्याकडं मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी येत होती. मुलगी बारावी झालेली. घरी थोडा भात, थोड्या काजूच्या झाडांचा पसारा, दोन म्हशी. अर्ज मी भरला होता. स्क्रीन फिरवली तेव्हा मुलीनं नाव वाचलं आणि आईनं त्याच्यावर बोट ठेवलं. पुढं मुलीला सरकारी कॉलेजात जागा लागली. आता पोर्टलवर जाऊन ती जागा स्वीकारायची होती. मुदतीच्या आत बटण दाबलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. खासगी कॉलेज त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणजे होतं ते एवढंच.

शेवटच्या दिवशी मला बहिणीकडं कुरुंदवाडला बारशाला जायचं होतं. आधीचे दोन दिवस पोर्टल धड उघडत नव्हतं. मी भावजींना बजावलं की हे काम हातानं करा आणि बाईंना फोनवर वाचून दाखवा. “हो” म्हणाले. दुपारी मी पाळण्याला दोरी लावत होते तेव्हा त्यांचाच फोन आला. “सगळी कामं उरकली, वहिनी. मिसळ पण खाऊन आलो.” मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की अजून चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई पहिल्या एसटीनं आली. भिजलेली छत्री दारात उभी केली आणि टेबलावर काजूगराची पिशवी ठेवली.

“पोरीनं फोडल्यात. बोटं काळी झालीत टरफलाच्या तेलानं. मी म्हटलं, असू दे, आता हातमोजं घालायचीच नोकरी हाय तुझी,” असं म्हणून ती हसली.

“झालंय तुमचं काम, मावशी. मेसेज आला न्हवं?” भावजी म्हणाले.

“आला की. पर ते नाव बघून जातो. गेल्या वेळी ताईंनी दाखवलंतं.”

मी पोर्टल उघडलं आणि सवयीनं, स्वतः वाचायच्या आत, स्क्रीन तिच्याकडं फिरवली. तिनं बोट ठेवलं. मुलीचं नाव होतं. बोट खाली सरकलं आणि थांबलं.

“ताई, ‘रद्द’ म्हंजे काय?”

मी उठून तिच्या बाजूला गेले आणि वाचलं. मुदतीत जागा स्वीकारली नाही, सबब रद्द. भावजींकडं बघितलं. ते घाईघाईनं आपला लॅपटॉप घेऊन आले आणि काल टूल कुठं कुठं गेलं ते दाखवायला लागले. तिच्या मुलीच्या नावापुढं हिरवी खूण होती. शेजारी टूलनं घेतलेलं पानाचं चित्र होतं. त्या चित्रात लिहिलं होतं, ‘दुरुस्तीसाठी सेवा थोडा वेळ बंद आहे.’ दुपारनंतर पोर्टल सुरू झालं होतं. संध्याकाळपर्यंत मोकळं होतं. पण खूण हिरवी झाल्यावर तिकडं परत कोण जातंय?

“टूल पोचलंय, हे बघा,” भावजी म्हणाले. “पत्ता बरोबर हाय. पान उघडलंय.”

बाईनं त्यांच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

“पोचलं व्हय? आन् कुणाला भेटलं?”

भावजी सर्व्हरबद्दल बोलायला लागले. सर्व्हर, लोड, नेटवर्क. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. बोलायला हवं होतं, आणि नुसतं गप्प बसा यापेक्षा बरंच जास्त. मग मी कॉलेजला फोन लावला, प्रवेशाच्या कार्यालयाला लावला, परत कॉलेजला लावला. जागा पुढच्या फेरीत गेली होती, आणि ज्यांनी लागलेली जागा सोडली त्यांना त्या फेरीत घेत नव्हते. तिनं सोडली नाही, हे पोर्टलला सांगायची सोय कुठंच नव्हती.

बाई सगळं ऐकत बसली होती. चहा आणला तो तिनं घेतला नाही. उठली, पदर खोचला आणि टेबलावरची काजूची पिशवी उचलून परत काखेत मारली. भावजींचा चेहरा पडला. संध्याकाळी ते माझ्या नवऱ्याला फोनवर सांगत होते की गावाकडच्या लोकांना रीत नसते, आणलेली वस्तू कुणी परत नेतं का. टूल त्यांनी अजून सोडलेलं नाही. नवीन आज्ञा देणार आहेत म्हणे.

त्या सकाळी दारापाशी छत्री उघडता उघडता बाई थांबली आणि कमरेची फोनची पिशवी सोडून फोन माझ्या हातात दिला.

“घरात एकच फोन हाय. तेवढा त्यो मेसेज पुसून द्या, ताई. पोरगी सारखी काढून बघत्या.”

मी मेसेज शोधला. ‘आपले काम झाले. धन्यवाद.’ पुसला, आणि तो गेल्याचं तिला दिसावं म्हणून फोन तिच्याकडं फिरवला.