तीन ट्यूबांची परीक्षा

आता सांगायला हरकत नाही. माझ्या शास्त्रीय बुद्धीची अब्रू सातारा जिल्ह्यात एकदाच गेली, पण पुरती गेली. तीही ट्यूबा नावाच्या एका अगडबंब पितळी वाद्यापायी!

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. आम्हा हौशी मंडळींच्या ब्रास क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच पितळी वाद्यांच्या ताफ्यात, दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन होते. खर्ज धरणारा ट्यूबा तेवढा नव्हता. तो मी वाजवणार होते. मीच का? माझे बाबा लष्करी बँडात ट्यूबा वाजवत. साताऱ्याच्या घरी त्यांनीच मला शिकवलं. वाद्य पलटणीचं, ते परत गेलं. पुढे बाबाही गेले. जमिनीतून उगवल्यासारखा तो सूर मात्र कान अजून शोधत होते. रोज.

बाबांचे बँडातले जोडीदार तात्या साताऱ्याजवळ लग्नाच्या बँडांना जुनी वाद्यं पुरवत. मी त्यांच्याकडे पोचले, तर अंगणात तीन ट्यूबा मांडलेले.

मी अट घातली, "तात्या, मी पाठ करून बसते. तुम्ही एकेक वाजवा. कोणता, ते सांगायचं नाही. डोळे पक्षपाती असतात."

"आवं बाई, ट्यूबा घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

मी वही उघडली. पहिला: खरखरीत. दहापैकी चार. दुसरा: बरा, साडेसहा. आणि तिसरा... काय सांगू! बाबाच मागे येऊन उभे राहिले. साडेनऊ! अर्धा गुण केवळ शिस्त म्हणून कापला.

"तिसरा द्या!" डोळे पुसत मी वळले.

"तिसरा कुटला? कडंच्या दोन्हींचे पिस्टन जाम हायत. मदलाच वाजतोय. तिन्ही येळा त्योच वाजीवला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमीच म्हनला, सांगायचं न्हाई!"

"पण आवाज तर वेगवेगळे होते!"

"पयल्यांदा तोंड सुकलं हुतं. दुसऱ्यांदा पानी पिऊन वाजीवलं. तिसऱ्यांदा तुमचं खांदं हलाय लागलं. म्हनलं, पोर रडतीया, जरा तिच्या बासारखं वाजवावं."

एकच वाद्य, एकच परीक्षक, तीन निकाल! एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग आणला असता, तर मी वही भिरकावली असती.

तो मधला ट्यूबा पोटाशी धरून मी एस.टी.ने सांगलीला आले. दार लावलं, बाबांनी शिकवलं तसा श्वास घेतला आणि फुंकर मारली.

निःपक्षपातीपणे सांगते: दहापैकी दोन.