बहरीनला नेलेलं अधिकाचं वाण

मला देवाने कधी दर्शन दिलेलं नाही. स्वप्नात येऊन काही सांगितलेलंही नाही. सत्संगात बायका आपले अनुभव सांगतात, कुणाला उजेड दिसतो, कुणाला चंदनाचा वास येतो. मी चौथी शिकलेली बाई, मला तसलं काही होत नाही. मला दिसली ती विमानतळावर च्युइंगम चघळत उभी असलेली काळ्या पायघोळ अबायातली एक जाडजूड बाई, आणि तिच्यावर मी भयंकर चिडले होते. जसं घडलं तसं लिहिते. पटलं तर घ्या.

मंदीचं ते दुसरं वर्ष. मी शारजाला मनोजकडे, माझ्या मुलाकडे राहत होते. खाली गॅरेजांची ठोकाठोक, वर आमचं घर. मनोज दुबईत अल क्वोजला एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघायचा. रोज घरी आला की आज कुणाला काढलं ते सांगायचा. माझी मुलगी सुनंदा बहरीनला. तिच्या नवऱ्याची, विनायकरावांची, नोकरी आदल्या दिवाळीनंतर सुटली होती. वीस माणसांवर साहेब असलेला माणूस. पहिले काही दिवस अर्ज केले, मग तेही सोडलं. सुनंदा शाळेत शिकवायची म्हणून घर चालत होतं.

एका दुपारी तिचा फोन आला. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "आई, हे कुणाशी बोलत नाहीत गं. खोलीचं दार लावून बसतात. दोन महिने खाली उतरलेले नाहीत. उठले तर बाल्कनीत जाऊन उभे राहतात. मी गॅस बंद करून गुपचूप मागे जाऊन उभी राहते. आम्ही सातव्या मजल्यावर आहोत, आई." पुढचं दोघींनाही कळलं होतं.

मी संध्याकाळी मनोजला सांगितलं, मला बहरीनला जायचंय.

"आत्ता? आई, टाइम बघ ना जरा. दर गुरुवारी कुणाच्या तरी हातात लेटर देतायत. मी लीव्ह मागितली तर माझंच खलास."

"तुला कोण मागतंय? मी जाते."

नात अभ्यास सोडून बाहेर आली. "आजी, यू कान्ट गो अलोन! यू डोन्ट इव्हन नो इंग्लिश!"

"तुझ्या आजोबांबरोबर चाळीस वर्षं काढली, ती काय इंग्लिशमधून?"

मनोज हसला, पण त्याने व्हिसा काढून दिला. त्याला ठाऊक आहे, मी जायचं म्हटलं की जाते.

अधिक महिना सुरू होता. आपल्यात अधिकात जावयाला वाण देतात. जावई म्हणजे नारायण, त्याला तीस आणि वर तीन अनारसे द्यायचे, दिवा ठेवून. पदार्थ जाळीदारच हवा, म्हणून अनारसे. विनायकरावांमध्ये मला नारायण कधी दिसला नव्हता, खरं सांगते. बरा माणूस, थोडा गर्विष्ठ. पण जो माणूस स्वतःला काडीच्या मोलाचा समजायला लागलाय, त्याला पाटावर बसवून, ओवाळून, तू नारायण आहेस असं कुणीतरी सांगायला हवं होतं. समजूत घालायला माझ्याकडे शब्द नाहीत. मला अनारसे येतात.

तांदूळ तीन दिवस भिजवले, वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. सगळे कामावर गेले की मी ओट्याशी. माझ्या मसाल्याच्या डब्यात गावाहून आणलेली खसखशीची पुडी होती, तिच्यावर थापले. तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की आम्ही अनारसा हसला म्हणतो. त्या दिवशी एकही हसला नाही. मोजून स्टीलच्या डब्यात भरले. बाळकृष्णापुढे डबा ठेवला आणि म्हटलं, मी एवढं केलंय, आता पुढचं तू बघ. खरं म्हणजे पुढचंही मीच बघणार होते. देवाला नुसतं कळवलं होतं.

शारजाच्या विमानतळावर मनोज मला दारापर्यंत सोडून कामावर पळाला. सामान तपासायच्या मशीनपुढे रांग होती. ढकलाढकलीत अनारसे मोडले की काय म्हणून मी झाकण उघडून पाहिलं. पुढची बाई वळली. तीच ती, जाडजूड, हातात भलीमोठी पर्स. माझ्या डब्यात डोकावली आणि हसून हिंदीत म्हणाली, "माशाल्ला! घर का है? ऊपर क्या लगाया, अम्मा?"

मी कौतुकाने सांगितलं, "खसखस."

तिचं चघळणं थांबलं. तिने माझ्या हातावरच हात ठेवून झाकण दाबून लावलं. हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, ये इधर ममनू है. मना है. जेल होता है, जेल!"

मी म्हटलं, "बाई, पूजा का है. दामाद का है."

"दामाद बाद में. पहले तू बच!"

आणि मला काही कळायच्या आत तिने डबा माझ्या हातातून ओढला, रांगेतून बाहेर गेली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. डब्यासकट. परत आली, पर्समधून ओले कागदी रुमाल काढले आणि माझी बोटं पुसायला लागली. एकेक बोट, नखांच्या फटी, मग पदर, मग पिशवीचा तळ. मी तिला मराठीत काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आपली "बस, बस, खलास" म्हणत पुसत राहिली. माझी पाळी आली. पिशवी मशीनमधून गेली, पलीकडे आली. मशीनवरच्या पोराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळून बघते तर ती बाई गर्दीत दिसेना. विमानातही दिसली नाही.

रडू येत होतं, पण मी रडले नाही. खिडकीतून खाली पाहिलं तर निळ्या पाण्यात तो एवढासा देश, तळहाताने झाकेल असा. मी बाळकृष्णाला सुनावलं. आठ दिवस राबले मी, तुझ्याच नावाने. आणि तू कचऱ्यात घातलंस? आता रिकाम्या हाताने त्या माणसापुढे जाऊन मी बोलू काय? त्याने उत्तर दिलं नाही. तो देत नाहीच.

सुनंदा एकटीच घ्यायला आली होती. घरी गेलो तर खोलीचं दार बंद. तिने हाक मारली, "अहो, आई आलीय." आतून नुसतं "हं" आलं. मी खोलीबाहेरच खुर्ची ओढून बसले. पाणी प्यायले आणि मग मला राहवेना. मोठ्याने सगळं सांगायला लागले. सुनंदाला सांगत होते, पण आवाज काही माझ्या ताब्यात नव्हता. "तांदूळ धुतले, कुटले, मुरवले! एक हसला नाही गं! आणि ती म्हैस येते काय, डबा हिसकावते काय, कचऱ्यात टाकते काय! म्हणे जेल! खसखशीला कुठे जेल असते?"

दार उघडलं. विनायकराव उभे. दाढी वाढलेली, शर्ट लोंबतोय. मला धस्स झालं.

"आई," ते म्हणाले, "तुम्ही खसखस घेऊन शारजाच्या एअरपोर्टवर गेला होतात?"

"मग काय तीळ नेऊ अधिकाला?"

"अहो, तिथे ती अफूत धरतात! माणसं आत आहेत त्यापायी! दोन दाणे कपड्याला सापडले तरी..." त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. भिंतीला धरून हसले. खाली बसून हसले. "सासूबाई अफूच्या केसमध्ये," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत डोळे पुसत होते. सुनंदा ओट्याला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. मी मात्र गार पडले होते. त्या बाईने माझी नखं का कोरली, ते मला तेव्हा कळलं. मी आत गेले असते, मनोजची नोकरी गेली असती, आणि या दारापाशी कुणी आलंच नसतं.

हसणं ओसरल्यावर विनायकरावांनी विचारलं, "मग माझ्या वाणाचं काय आता?"

"जाळीचं काहीतरी हवं. इथे काय मिळणार?"

ते म्हणाले, "खाली कोपऱ्यावर इराण्याची भट्टी आहे. तंदूरच्या रोट्या. फोडच फोड, भोकंच भोकं. चालेल?"

शास्त्रात बसतं का, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "चालेल. पण वाणाचं आहे, तीस आणि वर तीन. मला ते उचलणार नाही."

त्यांनी चपला घातल्या. सुनंदा मागे निघाली तर मी तिचा हात धरला. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. लिफ्टचं दार लागलं तशी ती दारावरचे आकडे मोजायला लागली, सात, सहा, पाच. मी त्या वेळी देवाला काही मागितलं नाही, काही सुनावलंही नाही. करण्यासारखं माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती उभी होते.

ते आले. दोन्ही हातांवर गरम रोट्यांची चवड, त्यात हनुवटी रुतलेली. "भट्टीवाला विचारतो, शादी है क्या? मी म्हटलं, सास आयी है."

पाटावर बसवलं, दिवा लावला, ओवाळलं. पुढे रोट्यांचा ढीग. मी नमस्कार करायला वाकले तर ते संकोचून उठायला लागले. "बसा," मी म्हटलं. "तुम्हाला नाही करत. आत जो आहे त्याला करतेय." ते बसले. मग एवढ्या रोट्या खाणार कोण म्हणून स्वतःच उठून मजल्यामजल्यावर वाटून आले.

त्यांना नोकरी लगेच लागली नाही. पुढे बरेच महिने लागले, आणि लागली ती आधीपेक्षा लहान. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं राहिलं. मनामा शहराच्या जुन्या बाजारात कृष्णाचं देऊळ आहे, तिथे मला तेच घेऊन गेले. आरतीच्या गर्दीत मी त्या अनोळखी बाईसाठी हात जोडले. तिचं नाव ठाऊक नाही, तिचा देव कोणता तेही विचारलं नाही. मला वाटायचं, भक्ती म्हणजे आपण देवासाठी राबायचं. राबावंच. मी आजही राबते. पण आपण केलेलं त्याने कुठे लावावं, हे त्याला सांगायला जाऊ नये. तो टाकून देतो म्हणाला तर टाकू द्यावं.

निघताना विमानतळावर विनायकराव पाया पडले. म्हणाले, "आई, पुढच्या अधिकाला तुम्ही नका येऊ. मीच शारजाला येतो."

अधिक महिना येतो तिसऱ्या वर्षी. हा माणूस तीन वर्षांपुढचं बोलत होता. मी म्हटलं, "या," आणि मागे वळून न बघता आत गेले.